सवलतीचे आठ तास आणि नऊ किलोमीटरची नळी

एका नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा अभियंत्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. गावाला रोज ७० लाख लिटर पाणी लागते. नदीवरच्या जॅकवेलपासून (पाणी उपसण्याच्या विहिरीपासून) शुद्धीकरण केंद्रापर्यंत ४०० मिलिमीटर व्यासाची ९ किलोमीटर ऊर्ध्ववाहिनी, म्हणजे पाणी वर चढवणारी नळी, आहे आणि उंचीचा फरक ६२ मीटर. जॅकवेलवर तीन पंप. त्यातले दोन एकदम चालतात, तिसरा राखीव. केंद्रात शुद्ध पाण्याची २० लाख लिटरची जमिनीवरची टाकी आहे. तिथून ९०० मीटरवरच्या तीन उंच टाक्या भरतात, त्यांची क्षमता मिळून २६ लाख लिटर. दोन्हीकडचे पंप रात्री ८ ते सकाळी १० चालतात. वीजबिलात आता सकाळी ९ ते संध्याकाळी ५ सवलत आहे आणि ५ ते रात्री १२ जादा दर. सल्लागार सांगतो की मोठे पंप, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे यंत्र) आणि वेळापत्रक ठरवणारे सॉफ्टवेअर घ्या, सगळे पाणी सवलतीच्या आठ तासांत उचला, बिल निम्म्यावर येईल. हे खरे का?

नाही. जॅकवेलवर तसे केलेत तर बिल निम्म्यावर न येता वाढेल. उंच टाक्यांच्या बाजूला मात्र सल्लागाराच्या म्हणण्यात निम्मे तथ्य आहे. एकाच गावातल्या दोन पंपघरांना दोन वेगळी उत्तरे का, हे नीट समजून घ्या. वेळापत्रकाचे पुढचे सगळे त्यातून निघते.

तुमचे आजचे वेळापत्रक मूर्खपणाचे नाही, ते जुने आहे एवढेच. महाराष्ट्रात कित्येक वर्षे उच्चदाब ग्राहकांना रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सूट होती. सकाळी ९ ते १२ ला ८० पैसे आणि संध्याकाळी ६ ते १० ला १ रुपया १० पैसे जादा. मागणी आकारासाठी (युनिटांशिवाय, एका वेळी ओढलेल्या सर्वाधिक विजेवर लागणारा आकार) कमाल मागणीही सकाळी ६ ते रात्री १० एवढ्याच वेळातली धरत. रात्री उपसा करा, पहाटे टाक्या भरलेल्या, सकाळी पाणी सोडा, सगळे जुळून येत होते. ऑपरेटरांच्या दोन पिढ्या त्यावर तयार झाल्या. मग सौरवीज आली आणि दुपारी वीज मुबलक झाली. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. सौर तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी. जादा मागणीच्या तासांत उद्योग-व्यापाराला किमान १.२ पट आणि बाकीच्यांना किमान १.१ पट. शेतीपंप वगळता सर्वांसाठी १ एप्रिल २०२५ ही शेवटची मुदत होती. म्हणजे विजेचे घड्याळ उलटे फिरले, तुमचे पंपघर मात्र जुन्या घड्याळावर चालले आहे.

हिशेबासाठी मी मूळ दर ८ रुपये धरतो, सवलतीत ६ रुपये ४० पैसे आणि जादा वेळेत ८ रुपये ८० पैसे. तुमच्या बिलातले खरे आकडे त्या जागी घाला. रुपये बदलतील, निष्कर्षाची दिशा बदलणार नाही.

आधी जॅकवेल.

दहा लाख लिटर पाणी एक मीटर वर चढवायला, काहीही वाया न जाता, २.७२५ युनिट लागतात. हा आकडा पंपघराच्या भिंतीवर रंगवून ठेवावा असा आहे. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर तोच ४.१९ होतो. आता प्रश्न एवढाच की किती मीटर. उंचीचे ६२ मीटर कुणाला चुकत नाहीत. पण ९ किलोमीटर नळीतून पाणी ढकलताना घर्षणात जे हेड (मीटर उंचीत मोजलेला दाब) जाते ते वेगावर ठरते, आणि ते सरळ हिशेबाने वाढत नाही. प्रवाह दुप्पट केला की घर्षण साडेतीन पटीहून जास्त होते.

तुमच्या नळीला हेझन-विल्यम्स सूत्रातला सी, म्हणजे नळीच्या गुळगुळीतपणाचा आकडा, १२० धरून मी तीन गणिते केली. दोन्ही पंप चालवलेत तर तासाला ५ लाख लिटर जातात, घर्षण ३० मीटर, एकूण हेड ९२. सत्तर लाख लिटरला १४ तास लागतात आणि सुमारे २,७१० युनिट. एकच पंप चालवलात तर अडीच लाख जाणार नाहीत, तासाला ३.२ लाखाच्या आसपास जातील, कारण नळी मोकळी झाली. घर्षण १३ मीटर, एकूण हेड ७५. त्याच पाण्याला २२ तास लागतील आणि युनिट होतील २,२१०. सल्लागार म्हणतो तसे आठ तासांत सगळे पाणी ढकलायचे तर तासाला पावणेनऊ लाख लिटर हवेत. घर्षणच ८६ मीटर, एकूण हेड १४८ आणि युनिट ४,३३०.

रुपयांत मांडतो. आज रात्री ८ ते सकाळी १० या वेळात तुमचा रोजचा वीज आकार सुमारे २२,००० येतो. तेच दोन पंप जादा दराचे तास पूर्ण टाळून चालवले (८ तास सवलतीत, ६ तास साध्या दराने) तर १९,२००. सल्लागाराच्या आठ तासांत, प्रत्येक युनिट सर्वांत स्वस्त दराने घेऊनही, २७,७००. आणि एक पंप २२ तास, त्यातले पाच तास चक्क जादा दरात चालवून, १६,८००.

म्हणजे महागड्या पाच तासांत पंप चालू ठेवणारा माणूस स्वस्त तासांची राखण करत बसलेल्या माणसापेक्षा रोज अडीच हजारांनी पुढे आहे. वीज स्वस्त घेण्यापेक्षा वीज न लागणे स्वस्त. जादा दर पंचवीस टक्क्यांनी वाढवून पाहिला तरी पारडे फिरत नाही.

शिवाय आठ तासांच्या बेतात जॅकवेलजवळ नळीवरचा दाब चौरस सेंटिमीटरला ९ किलोवरून १५ किलोकडे जातो. वेग सेकंदाला दोन मीटरला टेकतो. वीज गेली की नऊ किलोमीटरचा पाण्याचा खांब थांबतो, उलटतो आणि पाणी मागे येऊ न देणाऱ्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हवर येऊन आदळतो. तो आवाज ज्याने एकदा ऐकलाय त्याला पुन्हा समजवावे लागत नाही. जुन्या नळीचे सांधे कुठे कुठे सुटतील याची यादी मग शेतकरी तुम्हाला फोनवर देतील, उसात पाणी शिरले म्हणून.

एक पंप चालवण्यात अडचणी नाहीत असे नाही, आणि त्या लपवून सल्ला देणे बरोबर नाही. जोडीने चालताना प्रत्येक पंप अडीच लाख लिटर देतो. एकटा सोडला की तो आपल्या वक्राच्या (प्रवाह आणि हेडच्या आलेखाच्या) उजवीकडे धावतो आणि ३.२ लाख द्यायला लागतो. तिथे त्याची कार्यक्षमता बहुधा घसरलेली असते. ती ६५ वरून ६० झाली तर १६,८०० चे १८,२०० होतात. तरीही आजच्यापेक्षा रोज ३,८०० वाचतात. दुसरे, मोटरचे अँपिअर वाढतात. नेमप्लेटवरचा आकडा ओलांडला तर तो पंप एकटा चालवायचा नाही. तिसरे, मे महिन्यात नदीची पातळी खाली जाते तेव्हा जादा प्रवाहाला खालून पाणी पुरत नाही, पंपातून वाळू चाळल्यासारखा आवाज येतो आणि इम्पेलर (पंपातले फिरते चक्र) झिजायला लागतो. असा आवाज आला तर तेवढे दिवस जुन्या पद्धतीवर या.

तुमच्या तीन पंपांपैकी एक पुढेमागे बदलायचाच असेल, तर बदलताना 'जुन्यासारखाच द्या' असे पत्र पाठवू नका. एकट्याने तासाला ३.२ लाख लिटर आणि ७६ मीटर, याच बिंदूवर उत्तम चालणारा पंप मागा. तो रोजचा पंप. जुनी जोडी दिवाळीला आणि ब्रेकडाउननंतरची तूट भरून काढायला. अख्ख्या उत्तरात मी फक्त एवढीच खरेदी सुचवतो आहे.

आता व्हीएफडीचे. उंचीचे हेड मोठे असलेल्या ठिकाणी व्हीएफडी विकणारे पंपाच्या घन-नियमाचा तक्ता दाखवतात: वेग २० टक्के कमी, वीज जवळजवळ निम्मी. हा तक्ता घर्षणच घर्षण असलेल्या नळीसाठी खरा आहे. तुमच्या ६२ मीटर उंचीला तो लागू नाही. समजा पंपाचे व्हॉल्व्ह बंद असतानाचे हेड ११० मीटर आहे. वेग पाऊण केला, म्हणजे साडेसदतीस हर्ट्झवर आणला, की ते ६२ होते. पंप फिरतो, मीटर फिरतो, पाणी जागचे हलत नाही. त्याच्या थोडे वर चालवला तर थेंबभर पाणी आणि वाईट कार्यक्षमता. थेट वितरणावर बूस्टर लावला असेल, दिवसभर मागणी खालीवर होत असेल, तिथे व्हीएफडी उत्तम. तुमच्याकडे पंप टाकीत पाणी टाकतो. टाकीला वेग कमी-जास्त करून नको आहे, तिला भरून हवे आहे.

उंच टाक्यांकडे येऊ. इथे चित्र उलटे आहे.

वाहिनी जेमतेम ९०० मीटर. समजा उचल ४० मीटर आहे आणि तासाला ५ लाख लिटरला घर्षण ३ मीटर. म्हणजे ४३ पैकी ४० मीटर उंचीचेच. सावकाश चालवून तुम्ही वाचवाल तर दोन मीटर वाचवाल. इथे घड्याळ पाहून पंप चालवण्यात अर्थ आहे, कारण घाई केल्याचा दंड नगण्य आहे. सगळे आठच तासांत कोंबायची गरज मात्र इथेही नाही. तसे केल्यास हेड ४८.६ वर जाते आणि १४ तासांच्या चांगल्या वेळापत्रकापेक्षा खर्च किंचित जास्तच येतो.

तुमची वाहिनी यातल्या कोणत्या जातीची आहे हे ओळखायला सल्लागार लागत नाही. पंपाच्या डिलिव्हरीवर (पाणी बाहेर पडते त्या तोंडावर) चांगला दाबाचा गेज लावा. दोन्ही पंप चालू असताना वाचा, एक चालू असताना वाचा, आणि पंप बंद करून काटा स्थिरावल्यावर वाचा. शेवटचे वाचन म्हणजे उंची. पहिल्यातून ते वजा केले की घर्षण. माझा ठोकताळा असा: घर्षण एकूण हेडच्या दहाव्या हिश्शाहून कमी असेल तर घड्याळामागे जा, तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असेल तर सावकाशीमागे. मधले असेल तर दोन्ही गणिते करून पाहा. तुमच्या जॅकवेलवर तिसरा हिस्सा आहे, टाक्यांकडे सात टक्के.

टाक्यांच्या बाजूला तुम्हाला अडवतो तो पंप नव्हे, तर साठा. वेळापत्रक म्हणजे साठ्याचा हिशेब, दुसरे काही नाही. एक्सेलमध्ये चोवीस ओळी करा: तास, दर, आत आलेले पाणी, बाहेर गेलेले, टाकीत उरलेले. उरलेला आकडा २६ लाखांच्या वर जाता कामा नये आणि ३ लाखांच्या खाली येता कामा नये. एवढ्याच अटी.

तुम्ही सकाळी ५ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ८ असे दोनदा, प्रत्येकी ३५ लाख लिटर सोडता असे धरतो. पहाटे ५ ला टाक्या पूर्ण भरलेल्या हव्यात. सकाळच्या पाळीत २३ लाख टाकीतले आणि १२ लाख पंपाचे. मग सकाळच्या पाळीत पंप चारही तास कशाला चालवायचा? तेवढे केलेत तर बाराला टाक्या भरून वाहतील आणि दुपारचे स्वस्त तास वाया जातील. पंप उशिरा सुरू करा, म्हणजे ९ वाजता टाकी रिकामी असेल आणि स्वस्त तासांत तिच्यात जागा असेल. सवलतीच्या तासांच्या तोंडावर टाकी रिकामी हवी, भरलेली नव्हे, ही गोष्ट ऑपरेटरला पटवणे सर्वांत अवघड जाते. त्याच्या लेखी भरलेली टाकी म्हणजे शांत झोप.

गणिताने साडेसहाला सुरू करता येतो; ९ वाजता साडेतीन लाख उरतात. पण सव्वासातला विजेचा फीडर तासभर गेला तर शेवटच्या झोनला पाणी नाही आणि तुमच्या दारात मोर्चा. सहाला सुरू केले तर ९ वाजता ६ लाख उरतात. या अर्ध्या तासाची किंमत रोज ७२ रुपये येते. मी डोळे झाकून सहाच घेईन. कोणतेही सॉफ्टवेअर तुम्हाला साडेसहाच सांगेल, कारण त्याला मोर्चा माहीत नसतो.

पुढे ९ ते १ चार तास सवलतीत चालवा, टाक्या भरतात. तासभर थांबा. आता संध्याकाळची पाळी. ती ४ ला सुरू होते तोवर टाक्या भरलेल्याच, आणि ५ ला जादा दर लागतो. म्हणून पाळी २ ते ६ करता आली तर २ ते ५ पंपही सवलतीत चालतो. ६ वाजता टाकीत ६ लाख उरतात, संध्याकाळी एक मिनिटही पंप नाही, आणि रात्री १२ च्या ठोक्याला सुरू करून ४ पर्यंत २० लाख चढवले की पहाटेला टाक्या तुडुंब. एकूण १४ तास: ७ सवलतीत, ७ साध्या दराने, जादा दरात शून्य. आजचा रोजचा सुमारे १०,२०० चा खर्च ९,१०० वर येतो. वर्षाला चार लाखांच्या आसपास.

दोन्ही पंपघरांचा मेळ बसतो का, हेही त्याच चोवीस ओळींत पाहा. जॅकवेलचा एक पंप संध्याकाळी ७ ते ९ बंद ठेवून बाकी २२ तास चालवला, तर केंद्रातल्या २० लाखांच्या टाकीत पातळी संध्याकाळी ५ ला ३ लाखांवर येते आणि मध्यरात्री १९ लाखांवर. बसते, पण काठावर बसते. म्हणून रात्रीचा उपसा १२ लाच सुरू करायचा, एकला नाही. एकला केलात तर खालची टाकी वाहायला लागेल. ज्या गावांत खालची टाकी पाच-सात लाखांचीच असते तिथे हे जमत नाही. तिथे मी आधी टाकीचा प्रस्ताव करतो, पंपाचा नंतर.

सावकाश उपशाचा एक फायदा बिलात दिसत नाही. शुद्धीकरण केंद्राला दिवसभर सारखा प्रवाह मिळतो. चौदा तास तासाला पाच लाख आणि मग दहा तास शून्य, याऐवजी ३.२ लाख सतत. तुरटीचा डोस एकदा लावला की लावला, फिल्टरवरचा ताण कमी. पावसाळ्यात गढूळ पाणी आले की हा फरक लगेच कळतो.

आता ज्या गोष्टीवर वेळापत्रके खरोखर मोडतात ती. संध्याकाळची पाळी दोन तास अलीकडे आणणे हा विद्युत प्रश्न नाही. मी स्वतः एका तालुक्याच्या गावात दुपारी १ ची पाळी लावली होती, कागदावर सुंदर. आठवडाभरात कळले की दोन वस्त्यांतल्या बायका त्या वेळी खुरपणीला शेतावर असतात. घरी कुणी नाही म्हणून सकाळी जाताना नळाखाली पिंप लावून तोटी उघडी ठेवून जायच्या. पिंप भरून पाणी गटारात. विजेत जेवढे वाचले त्याहून जास्त पाणी वाहून गेले, आणि ते पाणीही वीज लावूनच वर चढवलेले. तेव्हापासून मी झोननिहाय विचारतो. बाजारपेठ, शाळा, कार्यालये आणि अपार्टमेंटच्या तळटाक्या असलेले झोन दुपारी घ्या. तिथे पाणी कधीही आले तरी साठते. मजुरांच्या वस्त्या पहाटे किंवा सहानंतरच राहू द्या, आणि त्यासाठी वर वाचवलेल्यातले थोडे परत द्या. आणि चावीवाल्यांना (गल्लीगल्लीतले व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-बंद करणाऱ्यांना) पहिल्या बैठकीला बोलवा. कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती आटे उघडतो हे जगात फक्त त्यांनाच माहीत असते. नकाशावर ते नसते.

रात्री टाकीत पाणी कमी ठेवण्याबद्दलही एक शब्द. संध्याकाळी ६ नंतर टाकीत सहा लाखच आहेत, तर रात्रीची गळतीही कमी होते. हे तपासून पाहा: सगळे व्हॉल्व्ह बंद केल्यावर रात्री १० ला पातळी लिहा, बाराला पंप सुरू होण्याआधी पुन्हा लिहा. वीस सेंटिमीटर उतरली असेल तर एखादा स्लुइस व्हॉल्व्ह नीट बसत नाही. तो दुरुस्त करणे कुठल्याही वेळापत्रकाहून फायद्याचे.

मागणी आकाराचे सांभाळून करा. जॅकवेलवर दोनऐवजी एक पंप म्हणजे मागणी साधारण १९५ किलोवॅटवरून १०० वर येते. पण हा फायदा पहिल्याच महिन्यात पूर्ण मिळत नाही. बिलाची मागणी ठरवताना गेल्या अकरा महिन्यांतल्या सर्वाधिक मागणीचा ठरावीक हिस्सा आणि करारातल्या मागणीचा ठरावीक हिस्सा, असे दोन्ही किमान म्हणून धरले जातात. म्हणजे एका रात्री कुणी दोन पंप सुरू केले की त्याची सावली वर्षभर बिलावर राहते. म्हणून दुसरा पंप सुरू करायला लेखी परवानगीची पद्धत ठेवा. चार-सहा महिने शिस्त टिकली की मगच करारातली मागणी कमी करण्याचा अर्ज द्या. तीही शंभरावर आणू नका, कारण दिवाळीच्या पहिल्या अभ्यंगस्नानाला पहाटे चारला सगळे गाव एकदम नळ उघडते आणि त्याच्या आदल्या दिवशी तुम्हाला जोडी चालवावीच लागेल. मंजूर मागणी ओलांडल्याचा दंड नेहमीच्या आकाराहून महाग असतो.

याला लागूनच कपॅसिटर. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब बिल केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या कामी आलेल्या नव्हे तर ओढलेल्या एकूण विजेवर आहे, त्यामुळे पॉवर फॅक्टर (या दोन्हींचे गुणोत्तर) थेट युनिटांत उतरतो. तुमची पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँक दोन मोटरींसाठी बसवलेली असणार आणि बहुधा कायम जोडलेली. एकच मोटर चालवलीत की ती जास्त होते, पॉवर फॅक्टर उलटा लीडिंगला जातो. प्रत्येक मोटरचा कपॅसिटर तिच्याच स्टार्टरसोबत चालू-बंद होईल असे करून घ्या. दोन दिवसांचे काम आहे. हे विसरले की पहिले बिल पाहून लेखापाल म्हणतो, 'साहेब, कुठे काय वाचले?' आणि सगळा प्रयोग गुंडाळला जातो.

पंपघरात जाल तेव्हा राखीव पंपाच्या शाफ्टकडे पाहा. बंद पंप हळूहळू उलटा फिरत असेल तर त्याचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह गळतो आहे आणि चालू पंपाचे पाणी त्यातून परत विहिरीत जाते आहे. मी असे कितीतरी ठिकाणी पाहिले आहे. डिलिव्हरी व्हॉल्व्ह अर्धा बंद करून 'अँपिअर कंट्रोलमध्ये' ठेवलेलाही पाहिला आहे. आपण विजेने दाब तयार करायचा आणि व्हॉल्व्हमध्ये तो मारायचा. अशा वेळी इम्पेलर छाटून घेणे स्वस्त पडते.

सॉफ्टवेअरला माझा विरोध नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे एपानेट फुकट आहे, त्यात तासागणिक विजेचा दर आणि मागणी आकार घालता येतो आणि प्रत्येक पंपाचा रोजचा खर्च तेच काढून देते. पंधरा-वीस टाक्या, पाच-सहा पंपघरे, एकमेकांत गुंतलेले झोन असतील तर डोक्याने आणि एक्सेलने भागत नाही, तिथे जेनेटिक अल्गोरिदमसारख्या पद्धतींचा उपयोग होतो. तुमच्याकडे दोन पंपघरे आहेत. पंप सुरू-बंद करण्याच्या वेळा मिळून दिवसात दहाही होत नाहीत. आणि मॉडेलमध्ये घालायचा नळीचा सी, पंपाचा आजचा वक्र आणि झोनचे खरे पाणी, यातले एकही तुमच्याकडे आज मोजलेले नाही. ते मोजले की निम्मे उत्तर सॉफ्टवेअरआधीच मिळते. स्काडाऐवजी (संगणकावरून देखरेखीच्या यंत्रणेऐवजी) मी आधी एक फळा लावीन, त्यावर रोज एकच आकडा: कालची युनिट भागिले काल उचललेले दहा लाख लिटर. जॅकवेलवर तो आज ३८७ च्या आसपास असायला हवा. एका पंपावर ३१६. एखाद्या दिवशी तो अचानक चढला तर काहीतरी बिघडले आहे, आणि ऑपरेटर तुम्हाला सांगण्याआधी फळा सांगेल.

बेरीज करून सांगायची तर दोन्ही पंपघरांचा रोजचा वीज आकार ३२,२०० वरून २६,००० ते २७,३०० च्या दरम्यान यावा. पंधरा ते वीस टक्के. मागणी आकारातले वाचेल ते वेगळे आणि उशिरा. निम्मे बिल कुणी कागदावर लिहून देत असेल तर त्याच्याकडून त्याच कागदावर घर्षणाचा हिशेब मागा.

या आठवड्यात एवढेच करा. दिवसाउजेडी, नदीला पाणी असताना, एक पंप एकटा दोन तास चालवा. दर पंधरा मिनिटांनी अँपिअर आणि गेज लिहा. केंद्रातल्या टाकीचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करून पातळी किती चढते ते मोजा. टाकी चार मीटर खोल असेल तर तासाला ६४ सेंटिमीटर चढायला हवी. नंतर तेच दुसऱ्या आणि तिसऱ्या पंपाचे करा. तिघांचे आकडे सारखे येणार नाहीत, त्यातला एक नक्कीच आळशी निघेल. ते आकडे आणि मोटरच्या नेमप्लेटचा फोटो पाठवा, म्हणजे नवा पंप लागेल की आहे त्यातलाच चालेल ते सांगतो.